आसनाचं माप

तिला सगळे कात्री म्हणायचे. हातातल्या कात्रीमुळे की तोंडातल्या, यावर दुकानात कधी एकमत झालं नाही. अर्थात हे नाव पाठीमागचं. समोर ती ‘ताई’, कारण समोर दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि ती ताई म्हणून तिचा नवरा आपोआप दाजी. दाजी त्याच दुकानात मशीनवर बसायचा. ती कापणार, तो शिवणार. शिंपीकामात कापणाऱ्याचा मान वरचा, कारण चुकीचं शिवलेलं उसवता येतं, चुकीचं कापलेलं जोडता येत नाही. त्यामुळे त्यांच्या घरात कुणाचं चालतं, हा प्रश्न दुकानातच निकालात निघालेला होता.

दुकान पुरुषांच्या सुटांचं. बाई माप घेणार म्हटल्यावर सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकायचं. ती टेप गळ्यात टाकून म्हणायची, “मापच घेतेय साहेब, परत देणार आहे.” गिऱ्हाईक हसलं की खांदे सैल पडत, आणि खांदे सैल पडले की खरं माप मिळतं. पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या माणसाला ती सांगायची, “सोडा. पँट तुम्ही श्वास घेत असतानाच घालायची आहे.”

दुकानाच्या मधोमध कापायचं टेबल होतं. मालकांच्या वडिलांच्या वेळचं, जाड लाकडाचं, तिच्या कमरेला लागेल इतकं उंच. ती ज्या बाजूला उभी राहायची तिथली कड तिच्या पोटाने घासून घासून गुळगुळीत झाली होती. वीस वर्षं एकाच जागी उभं राहिलं की लाकूडसुद्धा माणसाचं माप घेतं.

एका सकाळी माळ्यावरून कापडाचा तागा काढताना शिडी सरकली. आधी तागा पडला, मग ती. “ताग्याला काही झालं नाही,” असं ती पुढे सांगायची, “भारीतलं कापड होतं.”

तिचा मात्र मणका मोडला. छातीच्या खाली काही उरलं नाही. म्हणजे होतं सगळं जागच्या जागी, पण दुसऱ्याचं असल्यासारखं. वय एक्केचाळीस. डॉक्टर बिचारे शब्द शोधत होते, तेव्हा तिनेच विचारलं, “आतली दोरी तुटलीय म्हणता. शिवता येत नाही?”

“नाही हो. मज्जारज्जू शिवता येत नाही.”

“म्हणजे कापल्यातच जमा,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

अकरा दिवस ती कुणाशी बोलली नाही. कात्री गप्प आहे हे ऐकून दुकानातल्या माणसांचा धीर सुटला. बाराव्या दिवशी दाजी कापडाचा एक तुकडा घेऊन आला. करड्या रंगाचा, तळहाताएवढा. तिच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाला, “अगं, यात उभा धागा कुठला, आडवा कुठला? मला काही कळेना.”

ती बघत राहिली. मग तिचा आवाज आला, गंजलेला, पण धार शाबूत. “पंचवीस वर्षं मशीन चालवताय आणि उभा-आडवा कळत नाही? तुमच्या हातात मी कापलेलं दिलं तरी कसं इतकी वर्षं?”

दाजी मान खाली घालून बोलणी खात होता आणि खाली घातलेल्या मानेने हसत होता. त्याला उभा धागा अंधारातही कळायचा.

तिथून पुढे तिची जीभ थांबली नाही. भेटायला येणारे म्हणायचे, “बघा हं, पुन्हा स्वतःच्या पायावर उभ्या राहाल.” ती म्हणायची, “उभी होते म्हणूनच पडले ना? बसलेला माणूस कधी शिडीवरून पडलाय?” नणंद यायची ती दारातच रडायला लागायची. तिला कात्री सांगायची, “वन्सं, आधी चहा टाका आणि मग रडा. रडून झाल्यावर केलेला तुमचा चहा खारट लागतो.” अंथरूण पाहून पाय पसरावे असं कुणी बोलून गेलं, तर हिचं उत्तर तयार: “अंथरूण आहे, पाय आहेत, पसरायला तेवढा एक माणूस लागतो.”

एवढं बोलून ती रात्री काय करायची ते दाजीला माहीत होतं. पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही, तेव्हा आपणही सोडून देऊ.

चार महिन्यांनी ती चाकाच्या खुर्चीतून घरी आली. मालक भेटायला आले. मनाने वाईट नव्हते, पण घाबरट. म्हणाले, “ताई, आता घरी बसून काज-बटणं करा. कामाला कमी पडू देणार नाही. दुकान तुमचंच आहे.”

“माझंच आहे तर मला घरी का बसवताय?”

“तसं नव्हे हो. कापायचं टेबल उंच आहे ना. तुमची हनुवटी लागेल त्याला.”

“मग टेबलाला खाली बसायला सांगा.”

मालक हसले. मोठा विनोद झाल्यासारखे हसले आणि निघून गेले. आठवड्याने टेबलापाशी नवा कटर आला. कारखान्यातून आलेला, पन्नाशीचा, सभ्य माणूस. कानामागे खडू आणि तोंडात ‘नियम’. दुकानाने त्याचं नाव सरळपट्टी ठेवलं. त्याच्या हातून वाकडी रेष येत नसे. माणसाचं अंग वाकडं असलं तरी त्याची रेष सरळच.

कात्री घरी काज करत राहिली. सात महिने. काजं देखणी होती, पण ते गवयाला टाळ्या वाजवायला बसवण्यासारखं होतं. दाजी संध्याकाळी घरी आला की तिचा पहिला प्रश्न, “आज काय काय कापलं त्याने?” दाजी सांगायचा. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, “खांदा चुकलाय. बघा, परत येतो कोट.” कोट परत यायचा.

तिला तिचं टेबल हवं होतं. दुसरं काही नाही. पाय परत मागायला ती खुळी नव्हती.

आता त्या पँटची गोष्ट.

खुर्चीत बसायला लागल्यावर दाजीने हौसेने, तिच्याच जुन्या आखणीवरून, तिच्यासाठी दोन पँटी शिवल्या. माप घ्यायला तिला पलंगावर सरळ निजवलं. निजलेला माणूस म्हणजे आडवा ठेवलेला उभा माणूस, असा शिंप्याचा हिशेब. पँट निजून छान बसली. खुर्चीत बसल्यावर मात्र पुढे पोटावर कापडाचा बोळा आणि मागे कंबर उघडी. ती दिवसभर हात मागे घालून पँट वर ओढायची. “जाऊ द्या,” म्हणाली, “अंगच आता असं झालंय.”

पंधरा दिवसांनी तिला ताप भरला. कशाचा ते कळेना. घरी तपासायला येणाऱ्या सिस्टरने तिला कुशीवर वळवलं आणि तिचा चेहरा उतरला. बसायच्या जागी जखम झाली होती. आतपर्यंत गेलेली. कळणार कसं? दुखायची सोयच उरली नव्हती.

“आरसा द्या,” कात्री म्हणाली.

“कशाला बघताय ताई?”

“माझंच आहे ना? द्या.”

आरशात तिने पाहिलं आणि ती जखम बघून घाबरली नाही, ओळखून घाबरली. बोटभर लांब, आडवी, सरळ रेष. शेवटाला एक गोल डाग. मागच्या खिशाची दुहेरी शिलाई आणि बटण. हा खिसा तिने जन्मभर हजारो पँटींवर आखला होता. अमुक बोटं खाली, तमुक बोटं आत. उभ्या माणसाला तो शोभतो. बसलेल्या माणसाच्या तो हाडाखाली येतो, आणि हाडाला कळत नसेल तर मांस खातो.

“अहो,” ती दाजीला म्हणाली, “माझ्याच आखणीने मला खाल्लं.”

जखम भरायला सात आठवडे तिला पालथं पडून राहावं लागलं. सिस्टरने स्पष्ट सांगितलं होतं की अशा जखमेने माणसं जातात. पालथ्या माणसाला छत दिसत नाही, दार दिसत नाही, येणाऱ्याचे पाय तेवढे दिसतात. ती पाय बघायची आणि विचार करायची. आणि तिथे, उशीत नाक खुपसलेलं असताना, तिला एका शब्दाने धरलं.

पँटमध्ये कमरेपासून दोन पाय जिथे फुटतात, तिथवरच्या भागाला शिंपी आसन म्हणतात. आसन बिघडलं की पँट बिघडली. उमेदवारीत ती पहिला धडा शिकली तो आसनाचा. आणि आज, तीस वर्षांनी, तिला पहिल्यांदा ऐकू आलं की तो शब्द काय म्हणतोय. आसन. बसायची जागा. आणि जगातले सगळे शिंपी त्याचं माप घेतात माणसाला उभं करून!

“अहो!” ती उशीतून ओरडली. दाजी स्वयंपाकघरातून धावत आला, त्याला वाटलं ताप चढला. “आसनाचं माप आपण उभ्याने का घेतो?”

 “गिऱ्हाईक उभं असतं म्हणून,” दाजी म्हणाला.

“आणि नसेल तर?”

 दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच माणूस आला. वकीलसाहेब.

वकीलसाहेबांचे पाय लहानपणीच गेलेले. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. दुकानाच्या दोन पायऱ्या दोन माणसं त्यांना खुर्चीसकट उचलून चढवायची. मग ती दोघं त्यांना काखेत धरून उभं करायची, आणि कात्री भराभर माप घ्यायची. “जरा धरा साहेबांना. झालंच. आणखी थोडं वर.” साहेब डोळे मिटून घ्यायचे. तिला वाटायचं, दमतात बिचारे. शिवलेली पँट घालून ते खुर्चीत बसले की दर थोड्या वेळाने एका कोपरावर भार देत, आणि दुसरा हात मागे नेऊन कंबर वर ओढत. बोलता बोलता, हसता हसता. वीस वर्षं तिने ते पाहिलं होतं आणि वीस वर्षं तिला वाटलं होतं, साहेबांची ती लकब आहे.

आता स्वतःचा हात पंधरा दिवस तसाच मागे गेल्यावर तिला कळलं की ती लकब नव्हती. ती तिची चूक होती.

तिने पालथं पडूनच कागद मागवले. वर्तमानपत्रं कापून कापून पलंगाखाली ढीग झाला. मागची बाजू उंच हवी, पुढची आखूड. गुडघ्याला वळण हवं, नाहीतर कापड गुडघ्यामागे गोळा होतं. बसल्यावर पँट वर चढते, म्हणून पाय लांब. मागचे खिसे रद्द. जाड शिलाई हाडाखाली येताच कामा नये, ती बाजूला सरकवायची. नणंद कागदाचे ते वाकडे तुकडे बघून दाजीला हळूच म्हणाली, “दादा, डोक्याला तर लागलं नव्हतं ना?”

“वन्सं, मी पालथी आहे, बहिरी नाही,” पलंगावरून उत्तर आलं.

जखम भरली. जुन्या चादरीतून पहिली पँट निघाली, ती बिघडली. दुसरी बरी. तिसरी घालून ती खुर्चीत दिवसभर बसली आणि संध्याकाळी सिस्टरने तपासलं, तर कातडीवर रेषसुद्धा नाही. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “हं.” कात्रीचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्याचा सत्कार समारंभ.

त्याच सुमारास दाजीने बातमी आणली. वकीलसाहेब न्यायाधीश झाले. उद्या दुकानात येणार, पहिल्या दिवसासाठी सूट शिवायचाय. कापड स्वतःचं आणणार आहेत. त्यांच्या थोरल्या बहिणीने घेऊन ठेवलेलं, ‘तू न्यायाधीश होशील तेव्हा’ म्हणून. बहीण चार वर्षांपूर्वी वारली. तीच त्यांना लहानपणी पाठीवर घेऊन शाळेत पोचवायची.

“उद्या मला दुकानात न्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दाजी तिला घेऊन पोचला तेव्हा दोघं जण वकीलसाहेबांना काखेत धरून उभं करतच होते. साहेबांनी डोळे मिटले होते. सरळपट्टी टेप सोडवत होता.

“खाली ठेवा त्यांना!”

दुकानाला तो आवाज वर्षभराने ऐकू आला. दोघांनी साहेबांना इतक्या झटकन खुर्चीत ठेवलं की साहेबांनीच डोळे उघडून विचारलं, “काय, आग लागली का?”

तिने स्वतःची खुर्ची त्यांच्या खुर्चीसमोर नेली. गुडघ्याला गुडघा येईल इतकी जवळ. पहिल्यांदाच ती दोघं सारख्या उंचीवर होती.

“साहेब, माझा एक गुन्हा आहे. वीस वर्षं मी तुम्हाला खुंटीला कोट टांगावा तसं टांगून तुमचं माप घेतलं. बसणाऱ्या माणसाला उभ्या माणसाचे कपडे घातले. तुमचा हात सारखा मागे जायचा तो माझ्यामुळे. मला दिसत होतं आणि कळत नव्हतं.”

 मालकांनी खोकून विषय बदलायचा प्रयत्न केला. गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायची नाही हा त्यांच्या वडिलांचा नियम.

 साहेब म्हणाले, “ताई, मला वाटायचं माझं अंगच चुकीचं आहे. शिंप्याचं माप कसं चुकेल?”

“अंग चुकत नसतं साहेब. अंग असतं तसं असतं. चुकतं ते माप.”

“हं,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्या मिशीत हसू आलं. “मी अजून खुर्चीवर बसलो नाही, म्हणजे त्या मोठ्या खुर्चीवर. पण आरोपीने गुन्हा कबूल केलेला आहे. शिक्षा एकच. हा सूट तुम्ही कापायचा.”

मालकांनी तिला बाजूला घेतलं. म्हणजे स्वतःच तिची खुर्ची ढकलत कोपऱ्यात नेली. “ताई, अहो, कापड एकच आहे. मेलेल्या बहिणीचं. जगात दुसरं मिळणार नाही. बिघडलं तर दुकानाचं नाव बुडेल.”

“बिघडलं तर मी कात्रीला पुन्हा हात लावणार नाही. काज-बटणं करीन. मरेपर्यंत, आणि गुपचूप.”

गुपचूप हा शब्द ऐकून मालकांना परिस्थितीचं गांभीर्य कळलं. “आणि जमलं तर? काय हवं तुम्हाला?”

“टेबलाचे पाय.”

“काय?”

“टेबलाचे पाय हवेत. माझे गेलेत, थोडे त्याचेही जाऊ देत.”

मालकांनी टेबलाकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांची हयात त्या टेबलावर गेली होती. “बघू,” ते म्हणाले.

“बघू नका. बोला.”

“बरं,” मालक म्हणाले, अगदी बारीक आवाजात. “जमलं तर.”

माप तिने बसल्या बसल्या घेतलं, बसलेल्या माणसाचं. मांडीवरून, गुडघ्याच्या वळणावरून, पाठीच्या कण्यावरून खाली. साहेबांना हात पुढे करून चाकं ढकलायला लावली आणि ढकलतानाची पाठ मोजली. “कोट इथे फाटतो ना दरवेळी? खांद्यामागे?” “दरवेळी,” साहेब म्हणाले. त्यांनी पूर्ण वेळ डोळे उघडे ठेवले होते.

घरी दाजीने कपाटाचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि दोन ट्रंकांवर आडवं टाकलं. झालं टेबल. पण एक अडचण होती. छातीखाली ताबा नसलेल्या माणसाला पुढे वाकलं की थेट तोंडावर पडायला होतं. एक हात टेकून ठेवावा तर कापड कुणी धरायचं? त्यावर दाजीने आधीच तोड काढली होती. जाड कापडाचा चार बोटं रुंद पट्टा, दुहेरी शिवलेला, आतून मऊ अस्तर. तो तिला खुर्चीच्या पाठीशी बांधताना तो म्हणाला, “कस कंबर.”

“लोक नुसतं म्हणतात,” ती म्हणाली, “आपण कसतो.”

दुसरी अडचण पायांची. हलत नसले तरी ते मधूनच आपल्या मनाने उडायचे. दाराला खालून लाथ बसायची आणि वरचं सगळं हलायचं. त्या कापडावर कात्री चालू असताना लाथ बसली असती तर संपलंच. म्हणून दाजी दाराखाली शिरून बसला आणि तिचे दोन्ही गुडघे त्याने छातीशी धरून ठेवले. सकाळचे दहा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट कापडावर.

तिने खडूने आखलं. एकदा, दोनदा. मग कात्री उचलली आणि तिचा हात थांबला. वर्षभर या हाताने भारी कापड कापलं नव्हतं. करड्या कापडावर तिला बोटांचे ठसे दिसले नाहीत, पण साहेबांच्या बहिणीने कधीतरी दुकानात उभं राहून, हात फिरवून, हेच द्या म्हटलं असेल, असं वाटून गेलं.

“थांबलीस का?” दाराखालून आवाज आला.

“तुम्हाला काय दिसतंय तिथून?”

“दिसत नाही. ऐकतोय.”

कात्री चालू झाली. लांब, सलग, न उचलता. करंऽ करंऽ करंऽ. दाजीने त्या आवाजावर वीस वर्षं मशीन चालवलं होतं. त्याने डोळे मिटून घेतले. मध्ये दोनदा पाय उडाले. दोन्ही वेळा त्याने छातीवर घेतले, आणि वर कात्री तेवढा वेळ थांबली, पुन्हा चालू झाली. शेवटचा तुकडा सुटा झाला तेव्हा ती म्हणाली, “या बाहेर. आणि तिथे झोप लागली असेल तर तसं सांगा.”

दाजी बाहेर आला. त्याचे डोळे ओले होते. “धूळ आहे खाली,” तो म्हणाला.

“वन्संचे भाऊ शोभता.”

कच्च्या टाक्यांवर सूट दुकानात गेला, आणि नेमकी तिथे माशी शिंकली. सरळपट्टीने सवयीप्रमाणे तो हँगरला लावून खिडकीजवळ टांगला. मालकांनी पाहिला आणि मटकन बसले. पँटची मागची बाजू उंच, पुढची खाली, पाय गुडघ्यात मुडपलेले. कोट पुढून आखूड, मागून त्याहून आखूड, पाठीला फुगा.

“ही पँट आहे की बेडूक?” एका कारागिराने विचारलं. हसणं दाबायच्या नादात दुसऱ्याने सुई बोटात घातली. सरळपट्टी हसला नाही. तो खरोखर दुःखी झाला होता. “एकही रेष सरळ नाही हो,” तो म्हणत होता. “एकही नाही.”

मालकांनी फोन उचलला. साहेबांना येऊ नका म्हणून सांगायचं, माफी मागायची, काय वाट्टेल ते करायचं. दाजी आयुष्यात मालकांना कधी उलट बोलला नव्हता. त्याने मशीनवरून उठून फोनवर हात ठेवला. “मालक, ती येईपर्यंत थांबा.”

“काय थांबू? दिसत नाही का तुला?”

“ती कापताना मी ऐकलंय,” दाजी म्हणाला. “चूक नाही त्यात.”

मालक त्याचा हात बाजूला करणार, तेवढ्यात रस्त्यातून तिचाच आवाज आला, “अहो, या पायऱ्या उडवायच्या का मी?” तिला आत घेतलं. तिने हँगरकडे पाहिलं, मग मालकांकडे.

“मालक, हा कपडा कोण घालणार आहे? खुंटी?”

साहेब आले. आडोशाला दाजीने त्यांना सूट घातला. पडदा सरकला.

कोटाची कड मांडीवर येऊन जिथल्या तिथे थांबली होती, एक सुरकुती नाही. पँट गुडघ्यावरून अशी उतरली होती की जणू ती पायांच्या बाजूने होती, विरुद्ध नव्हती. बेडूक कुठे गेला कुणाला कळलं नाही. साहेबांनी आरशाकडे जायला चाकं ढकलली. सगळ्यांचे कान खांद्याच्या शिलाईकडे. शिलाई टिकली.

साहेब स्वतःकडे बघत होते. मग बोलता बोलता, “बरं का ताई, माझी बहीण म्हणायची,” असं म्हणत त्यांनी एका कोपरावर भार दिला आणि दुसरा हात मागे नेला. वर्षानुवर्षांची सवय. हात कमरेपाशी गेला. कंबर जागेवर होती. ओढायला काही नव्हतं.

हात तिथेच राहिला. काम संपल्यावर हाताला काय करावं कळत नाही, तसा. मग तो हळूहळू पुढे आला आणि मांडीवर, त्या करड्या कापडावर विसावला. बहीण काय म्हणायची ते राहूनच गेलं.

  कात्रीची मान अशी ताठ झाली होती, की बांधलेल्या पट्ट्याला काही कामच उरलं नव्हतं.

मालक कोपऱ्यात उभे राहून चष्मा पुसत होते. तो पुसायला बराच वेळ लागला. मग ते टेबलापाशी गेले, त्याच्यावरची कापडं स्वतःच्या हाताने उचलली, आणि दाजीला म्हणाले, “सुताराला बोलव.”

सुतार दुपारी आला. तिने टेप काढली, खुर्चीत ताठ बसून स्वतःच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, आणि टेबलाच्या चारही पायांवर खडूने रेघा ओढल्या. सुताराने ते लाकूड ठोकून पाहिलं. जुनी वस्तू बघून त्याचाही जीव कळवळला.

“बाई, नीट विचार केलाय ना? एकदा कापलं की पुन्हा जोडता यायचं नाही.”

“ते मला नका सांगू,” ती म्हणाली. “आणि करवत रेघेच्या बाहेरून धरा, तिरकी जातेय.”

चार तुकडे खाली पडले. सुतार ते उचलून न्यायला लागला तेव्हा तिने त्याला थांबवलं. शिंप्याच्या दुकानातून चिंधी बाहेर जात नाही. त्या चार तुकड्यांवर फळी बसवून दुकानाच्या दोन पायऱ्यांवर उतार झाला. तो आजही आहे, आणि चाकाची खुर्ची असो वा नसो, येणारा प्रत्येक जण त्यावरूनच येतो, पायऱ्यांना कुणी विचारत नाही.

टेबल खाली आलं. पोटाने घासलेली ती गुळगुळीत कड आता तिच्या छातीशी आली. तिने तिथे खुर्ची लावली, पट्टा कसला आणि कात्री हातात घेतली.

“पण ताई,” सरळपट्टी कानामागचा खडू चाचपत म्हणाला, “एवढ्याशा टेबलावर माझी कंबर मोडेल की. मी कसं कापू?”

“नियम काय सांगतो?”

“नियमात हे नाही.”

“मग खुर्ची आणा,” ती म्हणाली. “बसा इथे शेजारी. आसन बसल्याशिवाय कळत नाही.”